यकोबाच्या उशाशी मामाचा क्रूस

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. रक्कम एका क्रुसामागे तीनशे रुपये. रंग, अक्षरं आणि सिमेंट धरून. हजर: माझी मार्थामामी, दफनभूमी समितीचा चिटणीस सायमन आणि मी. पैसे मी आठवडाभर आधीच मोबाइलवरून पाठवले होते. हे आधीच लिहून ठेवतो, कारण शहरातली माणसं नुसती भांडायला येतात, असं मला त्या दिवशी तोंडावर ऐकवलं गेलं.

नाशिकहून सिन्नरची एसटी वेळेवर सुटली. पुढे मात्र काळीपिवळीत (वडाप जीपमध्ये) चालकाने दहा जणांच्या जागी सतरा माणसं कोंबली आणि तरी तो हलेना.

"अजून दोघं येऊ द्या, काका."

"त्यांना कुठे बसवणार? टपावर?"

"टपावर शेळी हाय."

सगळी जीप हसली. मी हसलो नाही. मांडीवर झेंडूची पिशवी होती आणि तिच्यावर कोणाचा तरी जेवणाचा डबा.

सिन्नरच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की माळ लागतो. सोंगलेली बाजरी, कांद्याची रोपं, मक्याचे ढीग. याच रस्त्याने अंतोनमामा, माझ्या आईचा भाऊ, दरवर्षी टोळी घेऊन दिंडोरीला द्राक्षबागांच्या छाटणीला जायचा. छाटलेल्या काडीला डोळे फुटायची औषधी पेस्ट लावून लावून त्याच्या बोटांची सालं निघायची. बागाईतदार रविवारीही ट्रॅक्टर पाठवायचा. मामा सांगायचा, "रविवार देवाचा. सोमवारी दीडपट काढून देतो." आणि द्यायचा. घरी असला की संध्याकाळी जपमाळेला गुडघ्यावर बसायचा आणि तिसऱ्या रहस्याला, म्हणजे माळेच्या पाच भागांतल्या तिसऱ्यालाच, बसल्या बसल्या झोपायचा. मामीने कोपर मारलं की भलत्याच ठिकाणी जोरात "आमेन" म्हणायचा. तिन्ही मुली फिसकन हसायच्या. त्या तिघींची शिक्षणं त्याच सालं निघालेल्या बोटांवर झाली.

गावात कबर खणायला पैसे देऊन माणूस आणत नाहीत. पुरुष आळीपाळीने खणतात, आणि खड्ड्यात पहिला उतरणारा बहुतेक वेळा मामाच असायचा. शेजारच्या यकोबाशी त्याचं बांधावरून जन्माचं भांडण. यकोब गेला तेव्हाही मामाच पहिला उतरला. घरी येऊन हात धुता धुता एवढंच म्हणाला, "आता भांडायचं कोणाशी?" दोन वर्षांनी मामा गेला. जागा मिळाली ती यकोबाच्या शेजारची.

घरी पोचलो तसा मामीने भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, पण मला नीट जेवू दिलं नाही. "चल लवकर. मेणबत्त्या घे." तिच्या सुरावरून काहीतरी बिनसलंय हे कळत होतं.

दफनभूमीत गेल्यावर कळलं. कच्च्या कबरींवर लाकडी क्रूस असतात. मृतांच्या दिवसाआधी समितीची पोरं ते सगळे उपटतात, एका जागी ढीग करून रंगवतात आणि परत लावतात. यंदा वाळवी लागू नये म्हणून सिमेंटमध्ये बसवले. मामाचं नाव लिहिलेल्या क्रुसासमोर मामी उभी राहिली आणि हात जोडेना.

"हा यकोबाचा खड्डा हाय."

सायमन हातात वही घेऊन आला. हा यकोबाचाच मुलगा. "काकू, वय झालं तुमचं. रांग धरून काढले, रांग धरून लावले."

"ह्यांच्या उशाशी लावलेली माझी सदाफुली कुठंय? मागच्या रविवारी पाणी घातलं मी."

"गवत समदं काढून टाकलं ना."

मी गुडघ्यावर बसून माती उकरली. मामीच्या पुढ्यात काहीच नव्हतं. शेजारच्या कबरीच्या उशाशी सदाफुलीचं खोड सापडलं, खुरप्याने जमिनीलगत कापलेलं. नखाने खरवडलं तर आत हिरवं. त्या कबरीवरच्या क्रुसावर नाव होतं यकोबाचं. समोर सायमनने लावलेल्या पाच मेणबत्त्या जळत होत्या.

"दादा, प्रार्थना देवाला पोचते ना?" सायमन म्हणाला. "मग इथं काय अन् तिथं काय!"

"मग तुझा पगार माझ्या खात्यात जमा होऊ दे. बँक तर एकच आहे."

"शहरातली माणसं नुसती भांडायला येतात बघा!"

मामी पुढे झाली. "सायमन, उद्या मला कोणाच्या शेजारी पुरशील? ज्यानं जन्मभर बांधावरून शिव्या दिल्या त्याच्या?"

आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"सिमेंट वाळलंय, काकू. फादर येतील आता. पुढच्या वर्षी बघू."

माझा आवाज चढला. "पुढच्या वर्षी मामी असेल, असं लिहून दे! आणि या मेणबत्त्या कोणाला लावल्यास? इथे माझा मामा आहे. तुझा बाप तिकडे आहे, एक फूल नाही त्याच्यावर."

सायमन पहिल्यांदाच खाली वाकला. त्याने खोडाला बोट लावलं. वही बगलेत मारून शेजारच्या, फूल-मेणबत्ती नसलेल्या कबरीकडे बघत राहिला. मग गेला आणि पहार घेऊन आला.

सिमेंट फुटायला वेळ लागला. फादर पवित्र पाण्याची बादली आणि शिंपडणी घेऊन आले, दोन खड्डे पाहिले आणि आशीर्वादाला दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. ते आमच्यापर्यंत पोचले तेव्हा दोन्ही क्रूस दगड ठोकून आपापल्या जागी उभे होते. थोडे तिरके, पण आपापल्या जागी.

जीपच्या थांब्यावर सायमन आला. माझे तीनशे पुढे केले. "घ्या, दादा. चूक आमची." मी हात पुढे केला, चूक त्यांचीच होती. मामीने मधल्यामधे नोटा घेतल्या आणि त्याच्याच खिशात परत कोंबल्या.

"हे माझ्या क्रुसाचे. आत्ताच घे. नंतर माझ्यासाठी कोण येईल भांडायला?"

परतीच्या जीपमध्येही गर्दी तेवढीच होती आणि माझा रागही तेवढाच. ज्याने गावाच्या कबरी खणल्या त्याला स्वतःच्या कबरीसाठी दुसऱ्याच्या आवाजाची गरज पडावी, याचा हा राग आहे, आणि तो घरी पोचेपर्यंत उतरला नाही. हिशेब मात्र पूर्ण झाला: तीनशे रुपये, मार्थामामीच्या क्रुसाचे, सायमनला, रोख. जागा अंतोनमामाच्या शेजारची.