पनागरच्या कॉलची नोंद

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना मी जबलपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या पनागर गावातल्या एका शिक्षिकेला भर दुपारी छातीत कळ आली. नवऱ्याने खाजगी रुग्णवाहिका सेवेला फोन लावला. "गाडी निघते आहे," असे उत्तर मिळाले. गाडी आलीच नाही. बाई गेल्या. सेवेचे कार्यालय आमच्या हद्दीत, म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा आमच्याकडे दाखल झाला.

संशय फोन घेणाऱ्या ऑपरेटरवर होता. जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्यात राहणारी तिशीतली मराठी मुलगी. चार दिवस तिला चौकशीला बोलावले.

"साहेब, गाडी पाठवायचं बटण मी दोनदा दाबलं. खोटं काहून बोलू?" एवढेच ती सांगे.

चौथ्या दिवशी मी टेबलावर हात आपटला. "तुझ्यामुळे एक बाई मेली!"

बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांनी ते ऐकले.

कंपनीच्या तांत्रिक प्रमुखाकडे नोंदी मागितल्या. तो म्हणाला, "सर, हमारा अपना सर्वर है ही नहीं. हर कॉल पे क्लाउड में एक कंटेनर खुलता है, काम हुआ कि खत्म. लॉग भी उसी के साथ गया."

म्हणजे प्रत्येक कॉलपुरता दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर एक तात्पुरता कप्पा उघडे आणि मिटे; जप्त करायला यंत्रच नव्हते. पंचनामा कशाचा करणार?

आठवड्याने ठाण्यात फोन आला. त्या रुग्णवाहिका कंपनीची नोकरी सोडून नागपूरला गेलेला इंजिनिअर बोलत होता. "सर, लॉग गेला नाही. कंटेनरच्या सोबत एक छोटा प्रोग्राम चालतो. कंटेनर बंद व्हायच्या आधीच तो ओळ न् ओळ दुसऱ्या जागी साठवतो. मीच बसवला होता. पण तिथलं महिन्याने आपोआप पुसलं जातं. आता फार दिवस उरले नाहीत."

त्याच तासाला क्लाउड कंपनीला नोंदी राखून ठेवण्याचे पत्र धाडले. तांत्रिक प्रमुखाला पुन्हा चौकशीला बसवले आणि शांतपणे विचारले, "कंटेनरच्या सोबत काय चालतं?" त्याचा चेहरा उतरला.

सायबर सेलने पंचांसमोर नोंदींची प्रत घेतली. बटण दोनदा दाबलेले होते. पुढे चालकांची यादी सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून उत्तर आले नाही आणि यंत्रणेने कॉल 'पूर्ण' म्हणून बंद केला. बाई गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी ही नोंद कुणीतरी उघडून वाचली होती. ज्या खात्यातून ती उघडली, ते प्रमुखाचे होते.

"नौकरी का सवाल था, सर," तो म्हणाला. आरोपपत्र त्याच्याविरुद्ध दाखल झाले.

मुलीला सांगायला मी स्वतः दीक्षितपुऱ्यात गेलो. दार वडिलांनी उघडले. बसा म्हणाले नाहीत. "ती भावाकडे गेली. आता फोन वाजला तरी दचकून राहिली आहे. चार दिवस हेच तर सांगत होती तुम्हाला."

तिच्या बोलण्याला पुरावा मागणे माझे कामच होते. पण तिला दोषी ठरवताना मी स्वतःकडे एकही पुरावा मागितला नव्हता. त्यानंतर चौकशीत मी कधी आवाज चढवला नाही. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता.