दुसिकदादाचा भोंगा

लोक म्हणतात दुसिकने चुकीचं वाचलं. माझा सख्खा मोठा भाऊ तो, म्हणून सांगत नाही, पण त्याने बरोबर वाचलं होतं. जसं लिहून आलं तसंच वाचलं, तिथेच तर घोळ झाला. ते नीट सांगते, म्हणजे उगाच कोणी काही बोलायला नको.

दादा कोरियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सोलगे गावचा प्रमुख होता. निवडून दिलेला, म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. प्रमुखाचं काम काय, तर वरच्या कचेरीतून जे येईल ते भोंग्यावरून गावाला सांगायचं. गावसभेची खोली बंदरालगतच आहे, तिथे माईक, आणि गावभर खांबांवर भोंगे. सकाळी आधी फू फू करायचा, मग आ, आ, मग एखादं रडकं गाणं अर्धंच लावायचा आणि बंद करायचा, की लोकांचे कान उघडतात म्हणे. मग सांगायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी आली आहे, ज्यांना डॉक्टर दिसत नाही त्यांनी आधी यावं. कचरा आज नाही उद्या नेणार, तेव्हा माशांची आतडी आज बाहेर ठेवू नका, मांजरांनी मला निवडून दिलेलं नाही.

गाव पण गप्प बसायचं नाही. मासानवाली म्हातारी, मासानहून लग्न होऊन आली म्हणून मासानवाली, ती त्याला लगेच फोन लावायची. "दुसिक, गाणं पुरं लाव की मेल्या, कंजूस." आणि हा ते सुद्धा माईकवरून सांगायचा.

वादळाची सूचना असली की कचेरीचा कागद बाजूला ठेवायचा आणि आपल्या भाषेत सांगायचा. "मोठं येतंय. होड्या वर ओढा, म्हाताऱ्यांना शाळेत न्या." टेकडीवरची जुनी शाळा, पोरं नाहीत म्हणून बंद पडलेली, वादळात आम्ही तिथेच जातो. त्या उन्हाळ्यात त्याने लाटांची सूचना सांगताना म्हटलं, अक्कल असेल त्याने पाण्यापासून लांब राहावं. किनाऱ्यावरच्या लॉजमधले पाहुणे ते ऐकून सामान बांधून गेले. लॉजवाल्याने तक्रार केली. मग कचेरीतला नवा कारकून आला, कोवळा पोरगा, सारखा वाकून नमस्कार करणारा. म्हणाला, "काका, माझ्यावर उपकार करा. जे लिहिलंय तेवढंच वाचा. एक शब्द जास्त नको, एक कमी नको."

दादा म्हणाला, "बाळा, तू जेवलास का?" तो नाही म्हणाला. मग वहिनीने त्याला वाढलं, आणि त्याच्या जेवणाकडे बघून दादाने शब्द दिला.

आता शब्दाचीच गोष्ट आहे. आमच्या कोरियन बोलीत तेपी म्हणजे घर सोडा, सुरक्षित जागी जा. तेबी म्हणजे तयारी करून ठेवा. कागदावर बघितलं तर वेगळे दिसतात. भोंग्यावरून, त्यात वारा, त्यात आमचे कान, काही फरक नाही. आणि तेपी हा शब्द आम्ही घरात कधी बोलतच नाही, तो कचेरीचा शब्द. तेबी मात्र रोज बोलतो. हिवाळ्याची तेबी, किमचीची तेबी. म्हणजे ऐकू काय येणार ते तुम्हीच सांगा.

छुसकचा, म्हणजे सुगीचा सण जवळ आला होता. सकाळपासून हवा अशी पडलेली की मला बरं वाटेना, मी अंगणातल्या मिरच्या दोनदा आत घेतल्या, दोनदा बाहेर टाकल्या. दुपारी भोंगा वाजला. गाणं नाही, काही नाही. दादाचा आवाज शाळेत धडा म्हणावा तसा. जोरदार वादळ, समुद्राची पातळी, किनाऱ्यालगतच्या रहिवाशांनी ताबडतोब, आणि मग तो शब्द.

माझा नवरा, चिलबोक, चप्पल घालायला लागला. "ऐकलंस? तुझा भाऊ म्हणतोय तेबी करा. मी बोट बांधून येतो."

मी म्हटलं, "आज तो असा का बोलतोय? त्याचं पोट दुखतंय का?"

"कचेरीने लगाम घातलाय. बरं झालं, तेवढीच शांतता," म्हणत तो गेला. मी पण तेबीच ऐकलं होतं. मी सोयाबीनच्या रांजणांची झाकणं दोरीने बांधायला घेतली. गल्लीतून मासानवाली गेली, हातात दोरीचं भेंडोळं, म्हणाली छपराला बांधते. सगळं गाव कामाला लागलं होतं. वर जायच्या ऐवजी सगळे खाली.

दादा शाळेची कुलपं काढायला गेला होता. तिथे लॉजवाला आणि त्याची बायको, दोघंच. बाकी कोणी येईना म्हणून तो धावत खाली आला, आणि पहिली मीच दिसले.

"तू अजून इथे काय करतेस?"

"तयारी. तूच म्हणालास ना, तेबी."

 तो रांजणावर हात टेकून हळू म्हणाला, "तेपी गं. तेपी म्हणालो मी." त्याने घरात डोकावून बघितलं. "चिलबोक कुठे आहे?"

"धक्क्यावर. बोट बांधतोय."

तो गावसभेच्या खोलीकडे पळाला. इतक्या वर्षांत मी त्याला असा पळताना पाहिला नव्हता. आणि भोंगा सुरू झाला, फू फू पण नाही. "अरे गाववाल्यांनो, तयारी गेली खड्ड्यात, वर चला. शाळेत. सगळे. मासानवाले, ती दोरी टाक, छप्पर सरकार देईल, तुझा जीव कोण देणार? छिलगोकवाले, म्हाताऱ्याला पाठीवर घे, भांडण वर जाऊन करा." एकेका घराचं नाव घेत होता. लोक बाहेर यायला लागले. वारा तेवढ्यात उठला, खरंच कोणी दार ढकलल्यासारखा.

मला धक्क्यावर जायचं होतं. मासानवालीने माझा दंड धरला. "तू गेलीस तर तो दोघांना हाका मारत बसेल. चल." ती मला ओढत वर घेऊन गेली. शाळेच्या पटांगणातून बंदर दिसतं. पाणी लाटांसारखं येत नव्हतं, नुसतं वर चढत होतं, मासळीच्या टोपल्या तरंगायला लागल्या. धक्क्याच्या टोकाला आमची बोट आणि तिच्यावर वाकलेला एक ठिपका.

भोंग्यातून आता एकच. "चिलबोक, बोट सोड. चिलबोक, ऐकतोस का? बोट सोड बाबा, दुसरी घेऊ." ठिपका हलेना. त्या टोकाला भोंगा पोचत नाही, वारा उलटा असला तर मुळीच नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत, दादाला पण.

मग त्याचा आवाज थांबला. आम्हाला वाटलं वीज गेली. पण भोंग्यातून खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, दार आपटल्याचं ऐकू आलं. तो माईक चालू ठेवूनच गेला होता. नंतर गावभर त्या रिकाम्या खोलीचा आवाज. खिडकीची काच थडथडत होती, ते आम्ही टेकडीवर उभं राहून ऐकत होतो.  मासानवालीने माझा दंड सोडला नाही. मग खोलीत पाणी शिरल्याचा आवाज आला आणि भोंगा खरखरून बंद पडला.

पाऊस इतका आला की बंदर दिसेना. मी शाळेच्या फाटकाशी उभी. किती वेळ ते सांगता येत नाही. चढावावरून एक माणूस आला, चिखलाने भरलेला, एका पायात चप्पल. कोण ते जवळ येईपर्यंत कळेना, आणि मला खरं सांगायचं तर कोण असावं अशी इच्छा करावी ते पण कळेना.

चिलबोक होता. वहिनी पुढे झाली, त्याच्या मागे बघत राहिली.

तो म्हणाला, "बंदरातल्या बर्फाच्या गोदामापर्यंत माझ्या बरोबर होता. माझी मान धरून ढकलत होता, शिव्या देत होता. तिथून पुढे पाण्याने मला वर टाकलं. त्याला नाही टाकलं."

दादा पाणी ओसरल्यावर सापडला, गोदामाच्या मागेच.

तो कारकून दादाच्या दिवसकार्याला आला, आणि वहिनीच्या पायाशी कपाळ टेकून उठेचना. वहिनी म्हणाली, "जेवून जा." मी त्याला सांगितलं, बाळा, तेपी लिहू नका. नुसतं वर जा लिहा. तो म्हणाला, आत्या, मी वरती कळवलंय. वरती अजून कळलेलं नाही. नवा प्रमुख मिळत नाही, कोणी उभं राहत नाही. आता कचेरीतूनच यंत्राचा आवाज येतो, एका बाईचा, फार गोड. तोच शब्द म्हणते.

पुन्हा वादळाचे दिवस आलेत. बाईचा आवाज आला की चिलबोक उंबऱ्यावर येऊन उभा राहतो, चप्पल घालत नाही, काही नाही. घरात आमचं बोलणं तसं कमीच झालंय. तेवढं मात्र विचारतो.

"प म्हणाली का ब?"

मी म्हणते, "तू आधी वर चल. काय म्हणाली ते तिथे बसून ठरवू."