आईच्या आईच्या पाटल्या

काल रिठ्याच्या पाण्यात बांगड्या धुताना त्या वासानं मला तीसेक वर्षांपूर्वीच्या डोंबिवलीत, सोनाराच्या दुकानात नेलं. माझ्या लग्नासाठी आईनं तिच्या आईच्या पाटल्या मोडायला आणलेल्या. सोनारानं त्या मुशीत ठेवल्या, तशी आईनं मान फिरवली.

"अगं आई, सोनं इथलं नाहीच. दूर कुठेतरी तारा फुटला, त्यात ते तयार झालं आणि पृथ्वी घडताना इथं आलं," नुकतीच बीएस्सी झालेली मी तिला समजावू लागले.

"असेल गं," आई म्हणाली. "मी ते आईच्या हातातच पाहिलंय."

तिला विज्ञान कळत नाही, असं मला वाटलं. ती तिच्या आईचा निरोप घेत होती, हे आता कळतं.

"थांबू का, वहिनी?" सोनारानं विचारलं.

"नको. हिच्या हातात जाऊ दे."