पेंढ्यावरचा ग्रेट डेन

महाडच्या गुरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. तेवढ्यात शिवथरकडचा एक शेतकरी रिक्षातून वासराएवढा ग्रेट डेन घेऊन आला. कुत्र्याचे मागचे पाय काही उचलेनात. त्याने खांद्यावरचा टॉवेल कुत्र्याच्या पोटाखालून घातला आणि बसलेला बैल उठवतात तसं त्याला अलगद उठवलं. एवढ्या जड कुत्र्याच्या कोपरांना कडक जमिनीवर बसून पडतात तसे घट्टे नव्हते. घरी रोज ताजा पेंढा अंथरतो म्हणाला.

डॉक्टरांनी पाय चाचपले. “वय झालं, काका. ही मोठी जात लवकर म्हातारी होते.”

“हौसेने पाळलात का?” मी विचारलं.

“नाय गो, पोराचा हाय. मुंबईत मोठी रूम घेतली की नेतो बोलला,” टॉवेल न सोडता तो म्हणाला. “तवा हा सुपात मावत होता.”