बिजागरीवाली

पक्षाघातानंतर बाबा आपल्या जुन्या गाडीतून उतरताना दाराला धरून उठायचे. त्या भाराने बिजागऱ्या झिजल्या आणि उघडलं की दार खाली लोंबायला लागलं. दोन गॅरेजवाल्यांनी बाबांनाच सुनावलं, "दाराला लटकत जाऊ नका." तेव्हापासून बाबा गाडीत बसायचंच टाळू लागले.

मग कुणीतरी मला घाटकोपरला गाड्यांच्या बिजागऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. पन्नाशीच्या, साडीवर खाकी शर्ट, अंबाड्यात पेन्सिल. त्यांनी आधी पेन्सिलीने बिजागरीभोवती रेघ ओढली, म्हणजे दार परत त्याच जागी बसावं. दाराखाली जॅक लावला, त्यावर जुनी उशी ठेवली आणि बोल्ट सोडवले. झिजलेली पिन ठोकून बाहेर काढली आणि बोटांत फिरवून बघितली.

"कोण उठतं रे ह्याला धरून?"

"बाबा," मी ओशाळून म्हणालो. "सांगतो त्यांना, धरू नका म्हणून."

"त्यांना कशाला सांगतोस? आपण दाराला सांगू ना!"

त्यांनी जाड पिना आणि त्यांच्याभोवती नळीसारखे नवे पितळी बुश बसवले, दार चढवलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन यायला लावलं.

बाबा दाराला हात लावायला कचरत होते.

"धरा काका, बिनधास्त."

बाबांनी सगळा भार दारावर टाकला आणि ते उठले. दार जरासुद्धा हललं नाही. बाई मात्र दाराकडे बघतच नव्हत्या. बाबा नीट उभे राहीपर्यंत त्यांचा तेलकट तळहात बाबांच्या कोपराखाली होता, अगदी जवळ, पण न टेकवलेला.