जर्मनीची वकीलबाई

तिसगावच्या पुढं डांबरी सोडून आत वळलं की ऊसतोड्यांच्या मुलांचं वसतिगृह लागतं. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि पोरं इथं राहून शाळा शिकतात. त्यांचा स्वयंपाक गोजरबाई करायची. तिचीही निम्मी उमर फडातच गेली होती. कंबरेनं नाही म्हटलं तेव्हा तिनं कोयता ठेवला आणि उलथनं हातात घेतलं. आवाज मात्र फडातलाच राहिला. तिनं "जेवायला चलाऽ" म्हटलं की पोरांबरोबर शेजारच्या वस्तीवरची कुत्रीही उठून यायची.

वसतिगृहात मार्था नावाची एक जर्मन बाई राहायची. संस्थेच्या कामासाठी आली आणि रमली. पोरांना शिकवायची, आजारी पडलेल्याला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात न्यायची, आणि बऱ्यापैकी मराठी बोलायची. एका सकाळी ती चुलीजवळ येऊन बसली.

"मावशी, माझी मैत्रीण येणार आहे. बिर्गिट. मी इथं कशी राहते, काय काम करते, ते तिला बघायचं आहे."

"येऊ द्या की. ती बी जर्मनचीच का?"

"हो, जर्मनीची."

गोजरबाईनं चुलीवरच्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्याकडं पाहिलं आणि ती हसत सुटली. "मंग जपून आना, ताई. आमच्या जर्मनला लई लवकर पोचे पडत्यात."

पाहुणी येणार हे संस्थेच्या सचिवांना, भागवत सरांना कळलं आणि त्यांच्या अंगात उत्साह संचारला. परदेशी पाहुणा म्हणजे सत्कार आलाच. त्यांनी गोजरबाईसमोरच मार्थाला विचारलं, "मॅडम तिकडं करतात काय?"

एका पोराला उलट्या होत होत्या. त्याला मोटारसायकलवर बसवता बसवता मार्था म्हणाली, "ती केसांचं काम करते, सर. फार हुशार आहे. लांबून लांबून लोक तिच्याकडे येतात."

"कोर्टात का?" असं सर विचारतात तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती.

मग काय, बिर्गिट टेम्पोतून उतरली तीच रांगोळीवर. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. नारळाचं काय करायचं ते न कळून तिनं तो कानाशी हलवून पाहिला. भागवत सरांनी माईक धरला. "निष्णात कायदेतज्ज्ञ आज आपल्यात आलेल्या आहेत! मोठमोठ्या केसेस यांच्या हाताखालून गेल्या आहेत!" हा 'कायदेतज्ज्ञ' मार्थाच्या मराठीत अजून आलेला नव्हता. काहीतरी मोठेपणाचं असेल असं समजून तिनं जोरात टाळ्या वाजवल्या. गावकऱ्यांनीही वाजवल्या, आणि दोन-चार जणांनी डोळे बारीक केले. ज्याच्या घरी कोर्टाची तारीख नाही असं घर त्या गावात शोधावं लागलं असतं.

मार्था दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन सगळीकडं फिरली. अंघोळीच्या रांगा, शाळा, संध्याकाळचा अभ्यास, वस्तीवर एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या. दुपारी गोजरबाईनं पाहुणीला परातीसमोर बसवलं. बिर्गिटनं थापलेली भाकरी एका अंगानं जाड आणि दुसऱ्या अंगानं भोकाची झाली.

"असू द्या," गोजरबाई म्हणाली. "पोटात गेल्यावर कोन बघतंय." आणि ती भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

रविवारी शाळेला सुट्टी. मार्था सकाळीच औषधं आणायला तिसगावला गेली. गोजरबाई अंगणात संस्कृती नावाच्या पोरीच्या उवा काढत बसली होती. संस्कृतीचे केस म्हणजे बाभळीत अडकलेली चिंधी. फणी पुढं सरकेना आणि पोरगी शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं रडत होती. बिर्गिट जरा वेळ बघत राहिली, मग आत गेली आणि एक कातडी पाकीट घेऊन आली. त्यातून निघाल्या कात्र्या, कंगवे, चिमटे, पाणी उडवायची बाटली. तिनं पोरीला मांडीशी घेतलं, केसांना तेल लावून खालच्या टोकाकडून वर एकेक गुंता असा सोडवला की संस्कृती रडायची थांबली आणि पेंगायला लागली. फाटलेली टोकं तिनं करकर कापून सारखी केली.

गोजरबाई त्या बोटांकडं बघत राहिली. हे हात रोज हेच काम करतात, हे सांगायला भाषा कशाला लागते? एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला.

"आगं बया! केसांचं काम!" ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

तेवढ्यात फाटकातून गहिनीनाथ आला. काखेत कागदांचं बोचकं, डोक्यावर वाळलेल्या गवतासारख्या झिपऱ्या. धाकट्या भावाशी, रामहरीशी, त्याची बांधावरून केस चालू होती.

"या, या," बिर्गिट म्हणाली. जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', हे त्याला कोण सांगणार?

"मराठी येतं की बाईला!" गहिनीनाथ खूश झाला. "वैनी, जरा माझं म्हननं घालायचं हुतं कानावर."

खरं सांगावं असं गोजरबाईच्या ओठांवर आलं होतं. पण त्या झिपऱ्यांकडं पाहून तिला राहवलं नाही. "बसा की खुर्चीवर. बाई समदं ऐकून घेती. आगदी बैजवार सांगा."

गहिनीनाथ बसला. बिर्गिटनं त्याच्या गळ्याभोवती पंचा बांधला.

"हे काय वो?"

"तिकडची रीत आसंल," गोजरबाई तोंड फिरवून म्हणाली.

आजोबांच्या वाटणीपासून त्यानं सुरुवात केली. बाई डाव्या कानाकडं गेली की तो डावीकडं तोंड करून सांगायचा, उजवीकडं गेली की उजवीकडं. "रामहरीनं बांध कोरला, बाई!" "या." "वरून मलाच शिव्या दिल्या!" "या, या." झिपऱ्या खाली पडत होत्या, पण बोलण्याच्या भरात त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. आरसा समोर आला तेव्हा तो दचकला. मग मान इकडं तिकडं करून बघायला लागला.

"वैनी, ही वकील न्हाई."

"न्हाई. केसं कापती."

गोजरबाईला वाटलं, आता हा भडकणार. गहिनीनाथ नुसताच मानेवरून हात फिरवत बसला. "पन ऐकलं बगा तिनं. आमचा वकील मधीच फोन घेतो."

भाऊ परदेशी वकील करतोय ही बातमी तोवर रामहरीला लागली होती. तोही आपलं बोचकं घेऊन धावत आला आणि दारातच थबकला. गहिनीनाथ कारखान्याच्या संचालकासारखा दिसत होता.

"काय म्हनली बाई?" त्यानं भीत भीत विचारलं.

"या म्हनली. बस तिथं."

रामहरी बसला. पुढची गंमत पोरांनी गोल करून पाहिली. खुर्चीतला रामहरी आपली बाजू सांगतोय, उभा राहिलेला गहिनीनाथ वाक्यागणिक "खोटं हाय!" म्हणतोय आणि गोजरबाई ओरडतेय, "मान हालवू नका, कान जाईल!" इतकी वर्षं दोघं वकिलांच्या तोंडून भांडत होते, आज समोरासमोर पोटभर भांडले. बांधाचं काही मिटलं नाही. पण रामहरीच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, म्हणून जाताना गहिनीनाथनं त्याला आपल्या गाडीवर मागं बसवलं.

मार्था परतली तेव्हा अंगणात रांग लागली होती. सगळा प्रकार ऐकून ती हसून हसून खांबाला टेकली. भागवत सर आले, कानापर्यंत लाल झाले आणि मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.

संध्याकाळी बिर्गिटनं खुर्ची झटकली आणि गोजरबाईला बसायची खूण केली.

"मला न्हाई बाई कापायचं."

"कापणार नाही, मावशी," मार्था म्हणाली. "नुसते विंचरणार आहे."

गोजरबाई बसली. फडात उसाची कुसळं आणि काजळी भरलेला अंबाडा ती अंधारात एका हातानं बांधायची; तीच सवय अजून होती. कोमट पाण्यानं केस धुऊन बिर्गिटनं सावकाश विंचरायला घेतलं. दुसऱ्या कुणाचा हात डोक्यावरून असा शेवटचा कधी फिरला होता? लग्नाच्या दिवशी. आईनं वेणी घातली होती.

गोजरबाईचे डोळे भरले. बिर्गिटनं वाकून पाहिलं, जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय न्हाई, इंचर तू," गोजरबाई मराठीत म्हणाली. "पोरं भुकेजली आसतील. पन थांबतील थोडा येळ."

आणि मान किंचित मागं टेकवून ती शांत बसून राहिली.