काठोकाठ भरलेला ग्लास

निवृत्तीनंतर लोक तब्येत धरतात, आम्ही दोघांनी हॉटेलं धरली. आमच्या ह्यांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात उभं आयुष्य मशीनच्या खडखडाटात डबा खाल्ला आणि मी टेलिफोन ऑफिसात टेबलावर पेपर अंथरून. त्यामुळे मांडीवर कापडी रुमाल टाकून, कुणीतरी अदबीनं वाढतंय आणि आपण नुसतं बसलोय, या सुखाची आम्हाला भारी चटक लागली. सोलापुरात नवं रेस्टॉरंट उघडलं की पहिल्या आठवड्यात आम्ही तिथं हजर. मेन्यूकार्ड मी कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचते आणि हे शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघून मागवतात.

वाईन मात्र आमच्या आयुष्यात लेकीनं आणली. ती पुण्यात नोकरीला. एका सुट्टीत तिनं महाराष्ट्रातल्याच द्राक्षांची एक बाटली आणली आणि म्हणाली, "आई, नुसती चव तर बघ." विहारात पंचशील म्हणताना नशा वर्ज्य सांगणाऱ्या पाचव्या शीलाला माझा आवाज जरा बारीक होतो तो तेव्हापासून. सासूबाई असेपर्यंत घरात बाटली शिरली नाही. वस्तीत दारूनं कुणाकुणाचे संसार धुळीला मिळवले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पिऊन दारात आलेल्याला त्या सरळ खराटा दाखवायच्या. त्या गेल्यावरही पुढच्या खोलीत, बुद्धमूर्तीसमोर, बाटली येत नाही. जे काय ते गच्चीवर, आणि तेही एखाद्या ग्लासापुरतं. पण गच्चीवरच्या संध्याकाळी, गार वारा सुटलेला असताना, थंड पांढरी वाईन आणि सोबत कडक भाकरी नि शेंगाची चटणी! हा बेत पंचतारांकित हॉटेलवाल्यांना अजून सुचलेला नाही, यातच त्यांचं अज्ञान दिसतं.

मग लेकीनं आपल्या पसंतीचा मुलगा सांगितला. मुलगा सोन्यासारखा. पण ते लोक वेगळ्या जातीचे, पुण्याचे, चांगले पैसेवाले, आणि आम्ही बौद्ध. मुलाच्या वडलांना काही अडचण नव्हती. आईनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आईचा होकार आल्याशिवाय लग्न नको, असं दोघा पोरांनी ठरवलेलं. "भेटून बघते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

भेट कुठं, तर त्यांनीच सुचवलं. उजनीच्या पाण्याकाठी, जेऊरच्या बाजूला, एक मोठं रिसॉर्ट झालंय. स्वतःची द्राक्षबाग, स्वतःची वाईन, राहायला आलिशान खोल्या. त्यांना अशा ठिकाणी फिरण्याची हौस होती. "तुम्हालाही जवळ पडेल," त्या फोनवर म्हणाल्या. आमच्या ह्यांना तर फारच जवळ. त्यांचं मूळ गाव त्याच भागातलं.

आम्ही रेल्वेनं जेऊरला उतरलो. स्टेशनबाहेर रिसॉर्टची लांबलचक गाडी उभी, आत थंडगार हवा, ओले सुगंधी रुमाल आणि काकडीचं पाणी. गाडी टेकडी चढायला लागली तसे हे काचेला नाक लावून बघत राहिले.

"अगं, ही तर आमची टेकडी की!" हे म्हणाले. "आई हितं खुरपायला यायची. मी त्या बाभळीखाली बसायचो."

बाभूळ आता नव्हती. तिथं पोहण्याचा तलाव होता.

खोली बघून मी पर्स हातात धरून नुसती उभी राहिले. पलंग असा की दोघांनी हाक मारून एकमेकांना शोधावं. टॉवेलांचे हंस केलेले. आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र टब, त्याच्या समोर भिंतभर काच, काचेपलीकडे बाग आणि बागेपलीकडे पाणी. पाण्यात लांबवर गुलाबी रेघ दिसत होती, ते रोहित पक्षी होते. ह्यांनी टबात फेस केला, गळ्यापर्यंत आत बसले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले.

"आईनं हितं खुरपलं," हे म्हणाले, "आन मी हितं टबात बसलोय. लई बरं वाटतंय."

मलाही बरं वाटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी त्यांनाच ओरडले, की आता निघा, माझा नंबर आहे.

दुपारी मुलाचे आईवडील आले, त्यांच्याच गाडीतून दोघं पोरंही. वडील मोकळे, हसरे. आई नीटनेटकी, फिकट साडी, बोलणं मोजकं. तिनं माझ्याकडे बघून हात जोडले, पण नजर चपलेपासून केसांपर्यंत फिरून गेली. मुलीची आई असताना असल्या नजरा कळतातच. मी मनात म्हटलं, बघा, काय बघायचं ते बघून घ्या.

वाईन चाखवायचा कार्यक्रम तळघरात होता. तिथल्या जाणकार बाईंनी ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक आत घालून वास कसा घ्यायचा, ते सगळं समजावलं. पांढऱ्या वाईनमध्ये मला खरोखर कच्च्या पेरूचा वास आला आणि मी तो मोठ्यानं सांगून टाकला. बाई खूश झाल्या. मुलाच्या आईनंही मान हलवली, "बरोबर, पेरूच." पहिला गुण मिळाल्यासारखी मी फुगले.

हे नाक घालून म्हणाले, "मला तर द्राक्षाचाच वास येतोय."

मुलाचे वडील खो खो हसले. मग बाईंनी सांगितलं की घोट तोंडात फिरवून समोरच्या भांड्यात टाकला तरी चालेल. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कुणी पंगतीत चपला घालून आलंय. सगळं गिळलं. पण त्यांच्या मनाला खरी टोचणी वेगळीच लागली होती. बाहेर पडताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तळाला जरा जरा वततेत. एवढी मोटी बाग, आन हात असा आखडता का?"

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

संध्याकाळी जेवण बागेच्या कडेला. पांढऱ्या चादरीचं टेबल, काचेच्या दिव्यांत मेणबत्त्या. ताटं परातीएवढी आणि त्यात मधोमध भरल्या वांग्याचा एक इवलासा तुकडा, त्याच्यावर तिळाची फुलं. चव मात्र खरंच अप्रतिम होती, उगाच खोटं कशाला बोला. मुलाच्या वडलांनी तिथलीच लाल वाईन मागवली. वाढप्यानं सगळ्यांच्या ग्लासात थोडी थोडी ओतली, बाटली ठेवली आणि तो निघून गेला.

हे उठले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मी टेबलाखालून पाय मारला, तो मुलाच्या वडलांना लागला. ह्यांनी बाटली दोन्ही हातांनी धरली, मुलाच्या आईजवळ गेले आणि त्यांच्या ग्लासात ओतायला लागले. निम्मा झाला, पाऊण झाला, हे काही थांबेनात. "बास, बास," त्या म्हणाल्या. आमच्याकडे पाहुण्यानं बास म्हणायचंच असतं आणि यजमानानं ते ऐकायचं नसतं. ग्लास काठाला आला तेव्हाच हे थांबले. लाल वाईन काठावर फुगून उभी राहिली, नुसत्या श्वासानं सांडेल अशी. एक थेंब ओघळून पांढऱ्या चादरीवर पसरला.

"घ्या ताई," हे आनंदानं म्हणाले. "आमच्यात पावन्याला अर्धं देत न्हाईत."

मग वडलांचा ग्लास भरला, आणि बाटली संपली. वाढपी धावत आला. लेक ताटाकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. मुलाचे वडील हसले आणि ओठ पुढे करून सुर्रकन एक घोट घेतला, भलं होवो त्यांचं. मुलाच्या आईनं मात्र त्या ग्लासाला हात लावला नाही. तो उचलताच आला नसता म्हणा. आम्ही जेवून उठलो तेव्हाही तो तसाच भरलेला उभा होता.

सकाळी मी एकटीच लवकर नाश्त्याला गेले. सगळं मांडलेलं, डोसे, फळं, चीज, गरम पाव. आदल्या संध्याकाळच्या भरल्या ग्लासामुळे जीव थाऱ्यावर नव्हता, तरी भूक होती. मी दोन ताटल्या भरून बसले आणि समोर मुलाची आई कॉफी घेऊन आली. हवापाण्याचं बोलणं झालं. मग ती जरा हसून म्हणाली, "काल एवढी चांगली वाईन वाया गेली हो. तिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही. कुणी शिकवलं त्यांना असं ओतायला?"

"माझ्या सासूबाईंनी," मी म्हटलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून असा, दुधासारखा वर आला की आला.

"तुम्ही ज्या टेकडीवर बसलाय ना ताई, तिथं त्या रोजानं खुरपायच्या. गावातल्या चहाच्या टपरीवर आमच्या लोकांचा कप वेगळा असायचा, बाहेर खुंटीला टांगलेला. चहा वरून ओतायचे, कपाला किटली लागू नये म्हणून. आणि अर्धाच. पैसे पुऱ्या कपाचे. सोलापूरला येऊन त्यांनी स्वतःची चूल मांडली, तेव्हा पहिला नियम काय केला, तर माझ्या घरात कुणाचा कप अर्धा राहणार नाही. माणूस कुणीही असो, बशीत सांडेपर्यंत भरायचा. ह्यांना दुसरं ओतताच येत नाही. काल त्यांनी तुमची वाईन वाया घालवली नाही. त्यांच्याकडे जो मोठ्यात मोठा मान आहे, तो तुम्हाला दिला."

 ती कॉफीत चमचा फिरवत राहिली. साखर तिनं घातलीच नव्हती. मग "येते हं," म्हणून उठून गेली. दुपारी ते निघाले तेव्हा तिनं नुसते हात जोडले आणि गाडीत बसली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी तोंड करून बसले. पोरीच्या सुखात माझ्याच तोंडानं माती कालवली, असं वाटत होतं. बोलल्याचा पस्तावा नव्हता, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण पोरीचं काय? ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आगं, पन वाईन खरंच कमी वतायची असती काय?"

पुढचे दिवस पुण्याहून काहीच कळेना. लेक फोनवर नको तितकं हसून बोलायची, त्यावरून काय ते मी समजायची. हे मात्र कामाला लागले होते. त्यांनी बाजारातून उंच दांड्याचे ग्लास आणले, मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ बघितले आणि रोज जेवणाआधी कोकमाचं सरबत ग्लासात ओतून सराव करायला लागले. बरोबर एक तृतीयांश, शेवटी मनगट हलकेच वळवायचं, म्हणजे थेंब गळत नाही. "पुन्यांदा संधी मिळाली तर पोरीला मान खाली घालाया लागू नये," म्हणायचे. मला हसू यायचं, पण मी त्यांच्यासमोर हसायची नाही. आईचा नियम मोडायची तालीम करत होता बिचारा माणूस.

आणि एका शनिवारी फोन आला. खुद्द मुलाच्या आईचा. "उद्या आम्ही सोलापूरला येतोय. घरीच जेवू. चालेल ना?"

चालेल ना! मी घर डोक्यावर घेतलं. बाजरीच्या भाकरी, शेंगाची आमटी, दही, ठेचा, वांगं. आणि वांगं कसं, तर ताटात मावणार नाही एवढं. ते दोघं आले, पोरंही सोबत. पुढच्या खोलीत मुलाच्या आईनं मूर्तीला हात जोडले आणि मग शेजारच्या सासूबाईंच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. ह्याच का त्या, असं तिनं विचारलं. ह्याच, मी म्हटलं.

ऊन उतरल्यावर सगळे गच्चीवर बसलो. तिनं पिशवीतून बाटली काढली. त्याच टेकडीवरची लाल वाईन. ह्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव आला. त्यांनी नवे ग्लास मांडले, बाटली एका हातानं धरली आणि तिच्या ग्लासात ओतली. बरोबर एक तृतीयांश. मनगट वळवलं. थेंब गळला नाही. लेकीनं आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं.

मुलाची आई त्या ग्लासाकडे बघत राहिली.

"हे काय," ती म्हणाली, "मला अर्धंच?"

हे गोंधळले. "न्हाय ताई, म्हनजे, पद्धत तशी हाय म्हने..."

"ती तिथली. इथली कुठंय?"

तिनं त्यांच्या हातातून बाटली घेतली. आधी ह्यांचा ग्लास ओढून भरायला लागली, निम्मा, पाऊण, काठापर्यंत.  "बास, बास," हे म्हणाले, आणि तिनं ते ऐकलं नाही. मग बाटली माझ्याकडे सरकवली.

"आता माझा. भरा की."

मी बाटली दोन्ही हातांनी धरली. काठाशी आल्यावर थोडी सांडलीच, चटईवर. तिनं पदर सावरला, ग्लास न उचलता खाली वाकली आणि काठावरचा पहिला घोट घेतला. मग मान वर करून ओठ पुसत म्हणाली, "आता बोला, लग्न पुण्यात करायचं की सोलापुरात?"